पर्शियन मांजर आणि आपलं घर : भीती नेमकी कशाची बाळगायची?

गेल्या काही वर्षांत माझ्या ओपीडीत एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. "डॉक्टर, घरात पर्शियन मांजर आणलंय, काही होणार नाही ना?" आधी हे नाशिक-पुण्याहून सुट्टीला आलेल्या लेकी-सुना विचारायच्या. आता नामपुरातलेच लोक विचारतात, मोसमकाठच्या मळ्यात राहणारेसुद्धा. डाळिंबाला बरा भाव मिळाला, मुलीने हट्ट धरला, कुणीतरी मोबाइलवर फोटो दाखवला आणि कापसाच्या गोळ्यासारखं पिल्लू घरात आलं, असा साधारण प्रवास असतो.

मी माणसांचा डॉक्टर आहे, जनावरांचा नाही. पण या मांजरामुळे माणसांना काय होतं आणि माणसांमुळे या मांजराला काय होतं, ते दोन्ही माझ्या टेबलासमोर येतं. माझं निरीक्षण सरळ सांगतो. लोक ज्या गोष्टींना घाबरतात त्या बहुतेक घाबरण्यासारख्या नसतात, आणि ज्यांना घाबरायला हवं त्या गोष्टी घरात बिनदिक्कत चालू असतात.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नऊ वर्षांचा मुलगा, दोन्ही हातांवर आणि मानेवर गोल लाल चट्टे, कडा उठावदार, मधे थोडं साफ. दीड महिना मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावत होते. लावली की खाज थांबायची, थांबवली की दुप्पट वाढायची. आईच्या दंडावर तसाच एक चट्टा. आजीच्या पोटावर दोन. मी विचारलं, "घरात मांजर आहे का?" आई म्हणाली, "नाही." आजी म्हणाली, "नाही." मुलगा मात्र लगेच म्हणाला, "पर्शियन आहे!"

त्या घरात कुणालाच ते 'मांजर' वाटत नव्हतं.

हा नायटा म्हणजेच गजकर्ण. बुरशीचा आजार. गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, माझ्याकडे येणारं बहुतेक गजकर्ण मांजरामुळे होत नाही. ते माणसाकडून माणसाला होतं, एकच टॉवेल वापरल्याने, घामट कपड्यांमुळे. पण मांजराच्या अंगावर राहणारी मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची एक वेगळी बुरशी आहे आणि लांब केसांच्या पर्शियनमध्ये ती विशेष आढळते. दाट केसांत ती टिकून राहते, आणि मांजर स्वतः कधी कधी अगदी ठणठणीत दिसतं. ना चट्टा, ना खाज. ज्या जागी आपण त्याला कवटाळतो तिथे मात्र आपल्याला चट्टे उठतात. हात, मान, गाल. आजी त्याला पोटावर घेऊन झोपत असे, म्हणून पोट. मुलांच्या डोक्यात झाली तर केस तुटून टक्कल पडल्यासारखा गोल दिसतो, आणि तिथे नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध द्यावं लागतं.

त्यांनी लावलेली ट्यूब स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक यांची खिचडी होती. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, पण बुरशीला आतून मोकळं रान मिळतं. चट्ट्याचा आकारही बदलतो आणि मग आम्हालाही ओळखायला जड जातं. विनाचिठ्ठी ट्यूब आणू नका, हे मी या ब्लॉगवर किती वेळा लिहिलंय ते आता मोजत नाही.

या घरात घरच्या चौघांचे उपचार करून भागणार नव्हतं. मांजराचाही उपचार हवा. त्याला पशुवैद्याकडे नेऊन औषध, अंगावरचे केस बारीक कापणं, अंथरुणं-चादरी गरम पाण्यात धुणं, घरातले केस रोज उचलणं, हे सगळं एकत्र केलं तरच साखळी तुटते. वडील म्हणाले, "त्यापेक्षा देऊन टाकतो कुणालातरी." मी म्हटलं, त्या कुणालातरीच्या घरात मुलं नाहीत का?

आता पर्शियन हे प्रकरण मुळात काय आहे ते थोडं पाहू, कारण त्याच्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ त्यात आहे. इटलीचा प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने १६२०च्या सुमारास इराणातल्या खोरासानकडची लांब, रेशमी केसांची मांजरं पाहून ती मायदेशी न्यायचा बेत पत्रात लिहून ठेवला आहे. हाच गृहस्थ १६२३ मध्ये सुरतेला उतरला आणि पुढे गोव्यापर्यंत आला. मात्र आज आपण ज्याला पर्शियन म्हणतो ते मांजर घडलं युरोप-अमेरिकेत. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं, नंतर अशा प्रदर्शनांचा शौक वाढला आणि निवडून निवडून पैदास करत केस आणखी लांब, नाक आणखी बसकं होत गेलं. जनुकांच्या अभ्यासात तर आजचं पर्शियन इराणपेक्षा पश्चिम युरोपच्या मांजरांना जवळचं निघालं. नाव तेवढं इराणचं राहिलं.

आपल्याकडे विकणारे 'डॉल फेस', 'सेमी पंच', 'पंच फेस' असे प्रकार सांगतात. नाक जितकं आत, तितका भाव जास्त. डॉक्टर म्हणून मला हा उलटा हिशेब वाटतो. चेहरा चपटा झाला म्हणजे आतली जागा लहान झाली. श्वासाची वाट अरुंद, दात वेडेवाकडे, डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची नळी वाकलेली. म्हणून ते पाणी सतत गालावर वाहतं आणि तिथे तपकिरी डाग पडतात. लोक मला विचारतात, "ते रडतं का हो?" रडत नाही. त्याच्या डोळ्यातल्या पाण्याला उतरायला वाट नाही, आणि ती आपण माणसांनीच बंद केली आहे. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने रोज पुसायचं, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा घ्यायचा, हा त्यावरचा उपाय.

दुसरं दुखणं मूत्रपिंडाचं. माणसांमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. माझ्याकडे असे पेशंट आहेत. पर्शियनमध्ये जवळजवळ हाच आजार असतो, त्याच नावाचं जनुक. निरनिराळ्या देशांत तपासण्या झाल्या तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक पर्शियनमध्ये तो सापडला होता. गाठी जन्मापासून असतात, पण त्रास बहुधा मोठ्या वयात सुरू होतो. पाणी जास्त पिणं, लघवी जास्त, वजन उतरणं. सोनोग्राफीत दिसतो, जनुकाची चाचणीही आहे. पिल्लू घेताना 'आईबापांची तपासणी केली होती का' हे विचारा. विकणारा तुमच्याकडे वेड्यासारखा बघेल. तरी विचारा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम केले आहेत, नोंदणी सक्तीची आहे, पण मोबाइलवर फोटो टाकून विकणाऱ्याला कोण विचारतो?

स्वभावाबद्दल मात्र या मांजराचं कौतुक करायला हवं. शांत असतं. आवाज हळू. फडताळावर उड्या मारण्यापेक्षा फरशीवर आडवं पडून घरातली गडबड बघत बसणं त्याला आवडतं. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाला त्याची फार चांगली सोबत होते. माझ्या एका पेशंट बाईंना, यजमान गेल्यानंतर, झोपेच्या गोळ्यांपेक्षा त्यांच्या मांजराचा जास्त उपयोग झाला, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण याच शांतपणाची एक गोम आहे. दुखलं तरी ते गप्प राहतं. खाणं सोडून कोपऱ्यात बसलं की घरचे म्हणतात, 'गरीब आहे बिचारं.' मांजराने दिवसभर काहीच खाल्लं नाही तर तो आजार समजा. बोका सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय आणि लघवी होत नाही, तर लघवीची वाट अडली असू शकते. 'बद्धकोष्ठ असेल' म्हणत एक-दोन दिवस थांबलात तर जीव जातो. रात्र असली तरी पशुवैद्याला फोन करा.

आणि केस. गावठी मांजर दिवसभर स्वतःला चाटून साफ करतं. पर्शियनचे केस त्याच्या स्वतःच्या जिभेला आवरत नाहीत. रोज पंधरा मिनिटं रुंद दात्यांच्या स्टीलच्या फणीने विंचरावंच लागतं, पोटाखाली आणि काखेत विशेष. चार दिवस सोडलं की गुंता, मग त्याच्या जटा, त्या कातडीला ओढतात, खाली ओल धरते, जखमा होतात. कात्रीने जटा कापायला जाऊ नका, कातडी पातळ असते आणि जटेबरोबर वर ओढली जाते. रोजची पंधरा मिनिटं देणारा माणूस घरात कोण, त्याचं नाव ठरल्याशिवाय हे मांजर आणू नये. 'मुलं करतील' हे उत्तर मी धरत नाही. मुलं दोन आठवडे करतात.

आपल्या भागात वरून उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत, अंगावर लोकरीचा कोट घातलेलं, अर्धवट नाकाने श्वास घेणारं जनावर ठेवणं म्हणजे काय, याची कल्पना करा. कुत्रं तोंड उघडून धापा टाकतं ते नेहमीचंच. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर ते संकट आहे. गार जागी न्या, साध्या पाण्याने अंग ओलं करा, बर्फ नको, आणि उपचाराला न्या. आता न्यायचं कुठे? आपल्या भागातले पशुवैद्य गाई-म्हशी, शेळ्यांमध्ये तरबेज. मांजराच्या बारीकसारीक दुखण्याला बहुतेकदा मालेगाव, नाहीतर शंभरेक किलोमीटरवरचं नाशिक. मांजर घेण्याआधी हे अंतर मोजा. ज्यांच्याकडे कूलर-पंख्याची खोली नाही, त्यांनी पर्शियन घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मळ्यात मांजरच हवं असेल तर गावठी पिल्लू आणा. ते या उन्हातच जन्मलेलं आहे आणि उंदीरही धरेल.

आता ज्या भीतीने लोक माझ्याकडे येतात ती पाहू.

'मांजराचा केस पोटात गेला तर गाठ होते, क्षयरोग होतो.' नाही. चुकून गिळलेला केस शौचावाटे निघून जातो. क्षयरोग जंतूंमुळे होतो, केसामुळे नाही.

'केसांमुळे दमा होतो.' अर्धं खरं. ॲलर्जी केसाची नसते. मांजराच्या लाळेत आणि त्वचेत एक प्रथिन असतं, ते चाटण्याने केसांवर वाळतं आणि धुळीसारखं घरभर उडतं. त्यामुळे आखूड केसांचं मांजर आणलं म्हणून सुटका होत नाही. घरात कुणाला दमा असेल तर मांजर आणण्याआधी त्या माणसाला मांजर असलेल्या घरी दोन-तीनदा तासभर बसवून बघा, आणि इनहेलर जवळ ठेवा. शिंका, डोळ्यांना खाज, छातीत घरघर आली तर बेत रद्द करा. मांजर आधीपासूनच घरात असेल तर निदान झोपायच्या खोलीत त्याला मज्जाव. आणि हे प्रथिन मांजर गेल्यावरही कित्येक महिने गाद्या-पडद्यांत राहतं, म्हणून 'मांजर सोडून आठवडा झाला तरी खोकला आहेच' ही तक्रार खरी असते.

तिसरी भीती गर्भारपणाची, आणि इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गरोदर मुलीच्या सासूबाईंनी विचारलं, "घरात मांजर चालेल का?" मी फाइलमधून मान वर न करता म्हणालो, "नको, घालवून द्या." पुढच्या खेपेला मुलगी रडतच आली. पोत्यात घालून मांजर नदीपलीकडे सोडलं होतं. माझ्या चार शब्दांनी.

खरं काय आहे ते बघा. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी मांजराच्या विष्ठेतून येऊ शकतो आणि गर्भाला तो घातक आहे, हे बरोबर. पण मांजर तो बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे बाहेर टाकतं. विष्ठा पडल्यावर तो संसर्गजन्य व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणजे ट्रे रोज साफ झाला की धोका फार कमी. घराबाहेर न जाणाऱ्या, शिजवलेलं किंवा तयार खाद्य खाणाऱ्या मांजराकडून तर आणखी कमी. कच्चं राहिलेलं मटण, न धुतलेली भाजी, हातमोजे न घालता केलेलं मातीतलं काम, हे मार्ग आपल्याकडे जास्त महत्त्वाचे. निंदणीला जाणाऱ्या गरोदर बाईला कुणी काही सांगत नाही आणि घरातल्या मांजराच्या मागे मात्र सगळे लागतात! तेव्हा गरोदरपणात ट्रे दुसऱ्या कुणीतरी साफ करायचा, ते शक्य नसेल तर हातमोजे घालून रोज, नंतर साबणाने हात धुवायचे. मांजर घरातच राहू द्या. केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे रुग्ण यांनाही हाच नियम, शिवाय आपल्या डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांगणं.

आता ज्यांना घाबरायला हवं आणि कुणी घाबरत नाही, त्या गोष्टी.

पहिली, चावा. 'घरातलंच आहे, खेळता खेळता दात लागला.' मांजराचे दात सुईसारखे. वरून ठिपका दिसतो, पण जंतू खोल जातात. दुसऱ्या दिवशी बोट सुजून ठणकायला लागतं, आणि सांध्यात पू झाला तर ऑपरेशनपर्यंत जातं. दुसरं म्हणजे रेबीज. तो फक्त कुत्र्याचा आजार नाही. मांजर चावलं किंवा ओरखडून रक्त आलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं घड्याळ लावून जखम धुवा. मिरची, चुना, हळद, तंबाखू काही लावू नका. मग त्याच दिवशी दवाखान्यात या. रेबीजची लस सरकारी रुग्णालयांत मिळते. रक्त आलेल्या जखमेला लसीबरोबर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं. मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवा, पण लस सुरू करायला ते दहा दिवस थांबू नका. आणि मांजराला रेबीजची लस दरवर्षी पशुवैद्याच्या सल्ल्याने टोचून घ्या. 'ते बाहेर जातच नाही' हे ऐकतो मी. दार उघडं राहिलं म्हणून परवा शोधत फिरत होतात ते कोण?

दुसरी गोष्ट आपल्या औषधांच्या डब्याची. एक तरुण आला, मांजराचं अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून दिली होती. "माणसाच्या बाळालाही देतो ना आपण, मग असं कसं झालं?" असं विचारत होता. मांजर गेलं होतं. आपलं यकृत ज्या पद्धतीने पॅरासिटामॉल निकामी करून बाहेर काढतं, ती सोय मांजराच्या यकृतात जवळपास नाहीच. विष साठतं, रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडतं, हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड सुजतं. एक गोळी मांजराला मारायला पुरते. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन हीसुद्धा मनाने द्यायची नाहीत. खरजेसाठी आम्ही माणसांना परमेथ्रिनचं मलम देतो, तेही मांजराला विषच. मलम अंगावर असताना मांजर कुशीत नको. कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेले थेंब तर मुळीच वापरू नका.

याच हिमोग्लोबिनच्या नाजूकपणामुळे आपल्या नामपूरचं पीकही त्याला चालत नाही. कांदा. कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, मसाल्यातला, कुठलाही. कांद्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. उरलेला मटणाचा रस्सा भाकरीवर ओतून प्रेमाने ठेवणाऱ्या घरांना हे सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही. लसणाचंही तेच.

आणि दूध-पोळी. मांजर हा मांसाहारी प्राणी आहे, आवड म्हणून नाही, नाइलाज म्हणून. टॉरीन नावाचा घटक त्याचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही, तो मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून कमजोर होतं. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी दाखवून दिल्यावर कंपन्यांनी तयार खाद्यात टॉरीन वाढवलं. ज्या घरात अंडंसुद्धा येत नाही, त्या घराने निदान मांजराचं तयार खाद्य आणायची तयारी ठेवावी. तेही पटत नसेल तर मांजर आणू नये. तुमच्या व्रताचा मला आदर आहे, पण ते मांजराने घेतलेलं नाही.

त्या मुलाच्या घरच्यांनी मांजर ठेवलं. नाशिकला दोनदा नेऊन आणलं, केस काढून टाकल्यावर ते इतकं लहान दिसू लागलं की शेजारी विचारत होते, हे दुसरं आणलं का? गोळ्या-मलम पूर्ण मुदतीपर्यंत घ्यायला लावले, चट्टे गेले तरी थांबू दिलं नाही. ऑगस्टमध्ये सगळ्यांचं अंग स्वच्छ झालं, पशुवैद्याने मांजरालाही मोकळं केलं. विंचरायचं काम आता वडिलांकडे आहे, रात्री बातम्या बघताना. परवा आजी बीपी तपासायला आल्या तेव्हा जाता जाता त्यांनी हळूच विचारलं, "डॉक्टर, आता पोटावर बसवलं तर चालेल ना?" मी म्हटलं, "बसवा. उन्हाळ्यात मात्र नको, त्यालाही उकडतं."